सिंगल स्पीड करायचीय? आधी चेन मोजा

तुमची माउंटन बाइक अठरा वर्षांची. गिअर अडकतात आणि दुरुस्तीचा अंदाज नव्या साध्या सायकलच्या निम्म्यावर गेला. म्हणून गिअर काढूनच टाकायचे ठरवलेत आणि यादी पाठवलीत: सिंगल स्पीड किट (मागे एकच चक्र बसवायचा संच), चेन टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), नवा क्रँक (पेडलचा दांडा), हप्त्यावर नवं मागचं चाक, रंगकाम. 'हे स्वस्तात पडेल ना?' असं विचारलंय.

पहिल्या दोन वस्तूंपुरतं पडेल. उरलेल्या तीन हौसेच्या. हौसेला माझी ना नाही, पण तिला बचत म्हणू नका. आणि चाक हप्त्यावर घ्यायचा विचार तर आजच सोडा.

दुरुस्तीचा आकडा एकगठ्ठा घेऊ नका, फोडून मागा. गिअर अडकण्यामागे पुष्कळदा गंजलेली केबल आणि तिचं आवरण एवढंच असतं, आणि सगळ्या यादीत तेच स्वस्त. खरी परीक्षा चेनची. पट्टी घेऊन पिनेपासून पिनेपर्यंत मोजा. 24 पिना पुढे गेल्यावर बरोबर 12 इंच भरायला हवेत. 1/16 इंच जास्त भरले तर चेन बदला. 1/8 भरले तर मागचे दातेही गेलेच समजा. चेन धड असेल तर केबल बदलून गिअर ठेवा, विषय संपला. दातेही गेले असतील तर सिंगल स्पीडचं पारडं जड होतं. नवी चेन मात्र दोन्हीकडे लागणार, तेव्हा तो खर्च तुलनेत धरू नका.

किट घेण्याआधी मागच्या चक्रांच्या मध्यभागी पाना बसतो ती खाच बघा आणि चक्रं उलटी फिरवा. खाच सोबत फिरली तर कॅसेट आहे, म्हणजे चक्रं सरकवून बसवलेली, किट चालेल. खाच जागेवर राहिली तर स्क्रूचं फ्रीव्हील आहे, म्हणजे चक्रांचा अख्खा गठ्ठा चाकावर आट्यांनी पिळून बसवलेला. त्यावर किट बसतच नाही, पैसे वाया. टेन्शनरही लगेच नको. जुना मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) स्क्रूने एका जागी धरून ठेवला की चेन ताणायचं काम तोच करतो.

मी स्वतः हा उद्योग केला तेव्हा किट हौसेने बसवलं आणि मग रिमवरून बोट फिरवलं. ब्रेकच्या रबरांनी ती इतकी खाल्ली होती की मध्ये चक्क खळगा. चाक किटच्या कितीतरी पट महाग पडलं. तुम्ही बोट आधी फिरवा.

आणि एक फुकटचा प्रयोग. पुढे 32 दाते, मागे 16 च्या जवळचं चक्र लावा आणि पंधरा दिवस शिफ्टरला, म्हणजे हँडलवरच्या गिअरच्या खटक्याला, हात लावू नका. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे दोन. 26 इंची चाकाला कच्च्या रस्त्यावर हे ठीक. सपाट डांबरीवर पाय नुसते भिरभिरतील. तिथे 42 ला 16 बरं. दहाव्या दिवशीही अंगठा शिफ्टरकडे जात असेल, तर तुम्ही गिअरवालेच.

केलीतच, तर काढलेले सुटे भाग पिशवीत बांधून ठेवा. एकाच गिअरच्या सायकलला गिऱ्हाईक कमी. विकायची वेळ आली तर ती पिशवीही सोबत दाखवता येईल. खर्चाची मर्यादा दुरुस्तीच्या अंदाजाचा तिसरा हिस्सा. रंगकामाचं पुढच्या वर्षी बघू.