नुसतंच ‘टक्’ होतं, सेल्फ फिरत नाही

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 7 वर्षांची आहे. किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ होतं. तीन-चारदा प्रयत्न केल्यावर सुरू होते. गॅरेजवाले बॅटरी बदला म्हणतात, पण ती 8 महिन्यांपूर्वीच घेतलीय.

उत्तर : थांबा. हेडलाइट लावून किल्ली फिरवा. ‘टक्’ होताना दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय, टर्मिनल सैल आहे किंवा सेल्फची मोटर जाम आहे. दिवे लखलखीतच राहिले, तर मोटरमधून करंट जातच नाहीये.

किल्लीचा करंट मोटर फिरवत नाही, तो सोलेनॉइडला, म्हणजे मोटरवरच्या विद्युतचुंबकी स्विचला जातो. त्यातला प्लंजर (लोखंडी दांडा) खेचला गेला की एकीकडे काट्याने बेंडिक्सचं (मोटरच्या दांड्यावर सरकणाऱ्या भागाचं) पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये घुसतं आणि दुसरीकडे तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबली जाते. लहान गाडीलाही लागणारे 100-150 अँपिअर या चकतीतूनच जातात. दर वेळी ठिणगी पडून ती जळते, झिजते. मग प्लंजर आपटतो, पण करंट कधी पुढे जातो, कधी नाही. तुमचं दुखणं बहुतेक हेच.

खात्रीसाठी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची काळी वायर इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवर 12 व्होल्ट, मोटरकडच्या बोल्टवर शून्य : चकती गेली. दोन्हीकडे 12 आणि मोटर ढिम्म : कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपले. (हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर फिरणारी मोटर याच जातीची.) बॅटरीवरच साडेनऊच्या खाली उतरलं, तर मात्र बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा.

‘टकटकटक’ झालं तर गोष्ट वेगळी. चकती टेकते, मोटर करंट ओढते, अशक्त बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, प्लंजर सुटतो. भार गेला की व्होल्टेज सावरतो आणि प्लंजर पुन्हा खेचला जातो.

प्रश्न : सेल्फ घूंऽऽ करून फिरतो, इंजिन जागचं हलत नाही.

उत्तर : बेंडिक्सच्या आतला क्लच (गाडीचा नव्हे) घसरतोय किंवा रिंगचे दात गेलेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा दोनच ठिकाणी थांबतं, म्हणून दातही तिथेच झिजतात. किल्ली बंद ठेवून, वरचा गिअर टाकून गाडी वीतभर ढकला. मग न्यूट्रल करून सेल्फ मारा. लगेच पकडलं, तर दोष रिंगचा. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गाडीची क्लच प्लेटही झिजली असेल तर त्याच वेळी बदलून घ्या.