नक्षी शाबूत असूनही टायर बदलावे लागतात का?

आपली गाडी सात वर्षांत जेमतेम २२,००० किलोमीटर चालली आहे, टायरची नक्षी अजून खोल दिसते, तरीही गॅरेजमध्ये चारही टायर बदलायला सांगितले; हे खरे मानावे का आणि बदलताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. मात्र त्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही, कारण टायर स्वतःच बरेच काही सांगतो.

प्रथम टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. तेथे २३१८ असे असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते, म्हणून बाहेरून आकडे दिसले नाहीत तर आतली बाजू पाहावी. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी ते वापरू नयेत, असे अनेक टायर उत्पादक सांगतात. काही वाहन उत्पादक तर सहाव्या वर्षीच बदलायला सांगतात.

कमी चाललेल्या गाडीचा टायर अधिक टिकेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण रबराचे तसे नसते. हवेतल्या ऑक्सिजनने व ओझोनने ते हळूहळू कडक होते. त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात आणि चाक फिरताना टायर दबतो-ताणतो तशी ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ही क्रिया मंदावते. म्हणून आपण दिवसाच्या उजेडात नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर नीट पाहावे. केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले, नखाने दाबल्यावर रबर लाकडासारखे लागले, तर मी आपल्या जागी असतो तर टायर बदलले असते. बाजूला फुगवटा आला असेल, तर मग वयाचाही विचार करू नये. आतले धागे तुटल्याशिवाय फुगवटा येत नाही, आणि असा टायर दुरुस्त होत नाही.

नक्षीचे मोजमाप सोपे आहे. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. मुख्य खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, आणि अनेक देशांत कायद्याची मर्यादाही हीच आहे. मी मात्र ३ मिलिमीटरलाच बदलतो. चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम या खाचा करतात, आणि त्या उथळ झाल्या की भरधाव गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते. अशा वेळी स्टिअरिंग एकाएकी हलके लागते आणि ब्रेक असून नसल्यासारखे होतात.

टायर कसा झिजला आहे, हेही नवे घेण्याआधी वाचून घ्यावे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला असेल तर ती जास्त राहिली, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडले आहे. माझ्या स्वतःच्या गाडीचे पुढचे टायर बाहेरून उत्तम दिसत होते. एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना वाकून पाहिले, तर डाव्या चाकाच्या आतल्या कडेचे रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या, आणि त्याच टायरवर मी आदल्या दिवशी कुटुंबाला घेऊन लांबचा प्रवास केला होता. तेव्हापासून मी आतली कड पाहिल्याशिवाय टायर ठीक आहे असे म्हणत नाही.

नवा टायर घेताना आधीच्याच मापाचा घ्यावा. १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असेल, तर रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असलेली) आणि रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगाची मर्यादा. हे दोन्ही गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी नसावेत. दुकानात बसवण्याआधी नव्या टायरचे चार आकडेही वाचावेत.

चारही एकदम घेणे जमत नसेल तर एका अक्षावरची जोडी बदलावी आणि नवी जोडी मागे बसवावी, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढची चाके घसरली तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढल्याने गाडी बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर ती गर्रकन फिरते आणि सावरणे अवघड जाते. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर एकदम बदलणे चांगले.

टायर बसवताना व्हॉल्व्ह नवे घालून बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) आणि अलाइनमेंट करून घ्यावे. दिशेचा बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरते त्याच दिशेला हवा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरावी. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावी, कारण नव्या रबराची पकड थोडे घासल्यावरच येते.

आणि डिकीतली स्टेपनी काढून तिचेही आकडे वाचावेत. ती एकदाही रस्त्याला लागली नसली तरी तिचे वय बाकीच्या चार टायरइतकेच असेल.