लर्निंग लायसन्स निघालं, पण गाडीच्या पक्क्या परवान्याच्या टेस्टची तारीख दोन महिने पुढची मिळतेय, कोकणात असंच चालतं का? एजंट धरू का?

एजंट धरू नका. तो पण सरकारच्या त्याच सारथी पोर्टलवर, जिथे आपण परवान्याचा अर्ज भरतो, तीच तारीख बघतो. माझ्याकडे साडेचार हजार मागितले होते, टेस्टची सरकारी फी तीनशे.

लर्निंग निघालं म्हणताय, म्हणजे लर्निंगनंतर तीस दिवस झाल्याशिवाय टेस्ट नाही आणि लर्निंग सहा महिन्यांत संपतं, हे माहीत असेलच. आमच्याकडे तारखा लांबतात, कारण तालुक्याला रोज टेस्ट नसते, आरटीओचा कॅम्प लागतो. त्यात पावसाळा.

माझं लर्निंग २२ मे २०२३चं. आमचे हे बोटीवर असतात. ते गेले की स्प्लेंडर पडवीत ताडपत्रीखाली. एका रात्री सासूबाईंना धाप लागली आणि रिक्षा यायला पाऊण तास गेला. गाडी दारात उभी आणि मी तिच्याकडे बघत बसलेली. दुसऱ्याच दिवशी ठरवलं. भावजी म्हणाले, "बायलमाणसाक गिअरची गाडी कित्याक होयी? बिगरगिअरचा काढ." घरात स्कूटर नाही, मग बिगरगिअरचा परवाना काय फोडणीला घालू? मी गिअरचाच अर्ज भरला.

पहिली तारीख १९ जुलै. त्याच रात्री तिकडे रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, म्हणून दिवस पक्का लक्षात आहे. आमच्याकडे मैदानात घोटाभर पाणी, टेस्ट रद्द. नवीन तारीख बघते तर १८ सप्टेंबर. हरतालिका! दुसऱ्या दिवशी गणपती. घरात माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची चौकट, बांधायची, मोदकांची पिठी व्हायची, माझा निर्जळी उपास. भावजी म्हणाले, ही तारीख सोड, गणपतीनंतर बघू. गणपतीनंतर दिवाळी, आणि २१ नोव्हेंबरला लर्निंग संपणार. पुन्हा फी, पुन्हा परीक्षा, पुन्हा तीस दिवस. मी गेले.

मैदानावर आम्ही जेमतेम नऊ जण. बाकीचे सगळे गणपतीच्या गडबडीत. लाल मातीवर फक्कीने इंग्रजी आठचा आकडा काढलेला, पाय न टेकता त्यावरून गाडी न्यायची, रात्रीच्या सरीने एका बाजूला पुसट झालेला. तिथेच पुढच्या मुलाने पाय टेकला आणि नापास झाला. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, पुढच्या ब्रेकला हात न लावता फक्त मागचा ब्रेक हलका धरला. नजर चाकाकडे नाही, पुढच्या वळणाकडे. माझ्या भाच्याने महिनाभर मागे बसून हे एकच घोकून घेतलं होतं. आठच्या दोन्ही फेऱ्या पाय न टेकता झाल्या. साहेब म्हणाले, "झालं, जा." घरी येऊन मी माटवीला कवंडळाची रानफळं बांधली, भावजींशी एक शब्द बोलले नाही.

म्हणून सांगते, सणाच्या आदल्या दिवसाची, भर पावसातली, कुणालाच नको असलेली तारीख घ्या. तीच लवकर मिळते आणि रांगही नसते. आणि घरी कुणी बिगरगिअरचा काढ म्हणालं तर ऐकू नका. गिअरच्या परवान्यावर स्कूटर चालते, बिगरगिअरच्यावर मोटरसायकल नाही. भावजींना हे आजही पटत नाही, पण कायदा हाच आहे.

एक राहिलं. पावसाने टेस्ट रद्द होऊ शकते, म्हणून लर्निंगच्या शेवटच्या महिन्यातली तारीख मुळीच घेऊ नका. नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, पण तीनदा झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. पक्का परवाना मिळेपर्यंत एकट्याने गाडी काढू नका, मागे परवानावाला हवाच. आणि टेस्टला नेणार त्या गाडीचा विमा, पीयूसी आदल्या रात्री बघा. आमच्या नऊ जणांतला एक विमा संपला म्हणून त्या आठच्या आकड्यापर्यंत पोचलाच नाही.