डीपीआय, ठिपके आणि रांगोळीतला ळ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकांनी विचारलं आहे: आजोबांचा फोटो १२ × १६ इंचांत छापायचा होता. स्टुडिओवाला म्हणाला, ‘तीनशे डीपीआय करून आणा.’ मुलाने कॉम्प्युटरवर ७२ चे ३०० केले, तरी फोटो पुसटच आला. मग ‘डीपीआय वाढवला’ म्हणणं बरोबर की ‘रेझोल्यूशन वाढवलं’? आणि रेझोल्यूशनला मराठी शब्द कोणता?

दोन्ही चूक. हे ‘वाढवला, वाढवलं’ ऐकून कान किटले आहेत. डीपीआय म्हणजे छपाईयंत्र कागदावर इंचाला टाकतं ते शाईचे ठिपके. फाइलमध्ये असतात ते पिक्सेल, म्हणजे चित्राचे रंगीत ठिपके. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत १२०० × १६०० पिक्सेल असतील, तर १२ × १६ इंचांवर ते इंचाला १०० च पडणार. ३०० हवेत? मग ४ इंच रुंद, सव्वापाचहून किंचित जास्त इंच उंच छापा. नुसता आकडा बदलून एकही पिक्सेल जन्माला येत नाही. आणि सॉफ्टवेअरला भर घालू दिली, तर ते मधल्या जागा अंदाजाने भरतं.

रेझोल्यूशनचा ‘ठराव’ हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडतो. ‘विभेदन’ मला मुळीच मान्य नाही. त्यात फोडाफोडी ऐकू येते. आपल्याकडे ‘दाटी’ आहे. ‘पंधरा ठिपके, पंधरा ओळी’ या रांगोळीच्या मापात इंच कुठे येतो का? उदबत्तीने भोकं पाडलेल्या कागदावर भोकं जवळजवळ असली की रांगोळी उंबऱ्याशी मावते. लांब लांब असली की तीच अंगणभर होते आणि विरळ दिसते. ठिपके तेवढेच, दाटी बदलली.

आणि खरी गंमत खुद्द ‘रांगोळी’ या शब्दात आहे. तो ‘रंगवल्ली’पासून आला असं अनेक जाणकार सांगतात. वेलबुट्टी पाहून ते भुलले, ळ कडे त्यांनी पाहिलंच नाही. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो: फल–फळ, मूल–मूळ. जोड ल्ल चा मात्र ल च उरतो: फुल्ल–फूल आणि खुद्द वल्ली–वेल! रंगवल्ली असती तर आपण ‘रांगोली’ म्हणालो असतो. हिंदीतली रंगोली पुढे करू नका, तिथे ळ च नाही. आपल्या बडोद्यात शेजारणीला विचारा: गुजरातीतही फळ आणि फूल, वेल आणि रंगोळी.

म्हणजे मूळ शब्द रंगावली, रंग अधिक आवली. आवलीचीच प्राकृतात ‘ओली’ झाली आणि मराठीत ओळ. (दिवाळीत तिची ‘आळी’ झाली, पण ळ तिथेही आहेच.) रंगांच्या ओळी! फाइलमधला फोटो याहून वेगळा काय असतो? ओळीमागून ओळ मांडलेले रंगाचे ठिपके. म्हणून मी म्हणतो, ‘ठिपक्यांची दाटी’ म्हणा. स्टुडिओवाल्यालाही ‘इंचाला तीनशेची दाटी’ लगेच कळेल.

राहिला आजोबांचा फोटो. मूळ कागदी प्रत घरात असेल आणि ती ६ × ८ इंचांची असेल, तर इंचाला ६०० च्या दाटीने स्कॅन करून घ्या. ३६०० × ४८०० पिक्सेल मिळतील, आणि १२ × १६ वर इंचाला बरोबर ३०० बसतील.