ज्वारी कुठल्या रानातली?

प्रिय लेकरा,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यातून जात नाहीस. पुण्यात ‘सोलापुरी ताट’ काढायचं, पण भागीदार म्हणतो पनीर हवंच, आणि भाकरीत थोडी कणीक मिसळली तर थापणाऱ्या बाईचा पगार वाचेल, मशीनवर लाटता येईल. “काकू, एवढं चालेल ना?” असं तू विचारलंस.

पनीरचं तुमचं तुम्ही बघा. मी एकच विचारलं होतं, ज्वारी कुठल्या रानातली? तू म्हणालास, “मार्केट यार्डातली. मालदांडी, एक नंबर.” अरे, ते वाणाचं नाव झालं. मोहोळला निवडून काढलेली मालदांडी ३५-१ कर्नाटकातसुद्धा पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिथल्या खोल काळ्या रानाच्या जोरावर. पाऊस सरताना पेरायची, मग जमिनीनं धरलेल्या ओलीवर सगळी थंडी काढायची.

आणि कणकेचं म्हणशील तर दुखणं वेगळंच आहे. ताजं पीठ गरम पाण्यात मळलं की काठवटीत थापताना कडेला चीर जात नाही. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी तुटते, मग कणीक मिसळायची बुद्धी होते. आठवड्याचंच दळून आण आणि बाईला कामावर ठेव. हा प्रश्न इथंच संपला.

रानाचा मात्र संपत नाही. मोहोळकडचा एक शेतकरी अकरा वर्षं माझ्या खानावळीत पोती आणून टाकायचा. एका वर्षी ज्वारी कडाडली. व्यापाऱ्याकडे किलोमागे तीन रुपये कमी पडत होते, मी तिकडून घेतली. तो भांडला नाही. पोती टेम्पोत परत चढवताना “बरं, ताई” एवढंच म्हणाला. पुढच्या हंगामात त्या रानात ऊस उभा होता. त्या वर्षी दोन्ही मुलींच्या फिया होत्या, सिलिंडर महागलं होतं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, हे मी आजही म्हणते. पण तो ऊस मी लावला, हेही मला ठाऊक आहे.

तुम्हा मुलांना वाटतं, गिऱ्हाईक मागत नाही म्हणून रानातून ज्वारी गेली. खरं कारण वेगळं आहे. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. दारची बैलं गेली, मग कडबा कुणासाठी करायचा? त्यात कालव्याचं पाणी आलं की ऊस. म्हणून भाव पेरणीआधी ठरव, उपटणीची मजुरी धरून ठरव आणि निम्मे पैसे तेव्हाच दे. मी तेव्हापासून असंच करते. दोन वर्षं तोटा खाल्ला. घरचे वेडी म्हणाले. म्हणू देत.

मेन्यूवर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट छापायची आहे ना तुला? जरूर छाप. पण दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांना भुकेल्यांसाठी कोठारं उघडता आली, कारण ती भरलेली होती. तुझं कोठार कुठंय? कुणाच्या रानात?

तुझी आजी शिळ्या भाकरीचा काला करायची, ताकात कण्या शिजवायची, शेंगाची चटणी उखळात कुटायची. तुझ्या हाताला ती चव आहे, मी खाल्लं आहे तुझ्या हातचं. म्हणून तर इतकी चिडते. हुरड्याचंही तेच सांगते. त्याला सुरती, गुळभेंडी असे वेगळे वाण लागतात आणि ते मुद्दाम पेरून घ्यावे लागतात. आगटीत, म्हणजे रानातल्या निखाऱ्यांवर, भाजलेला हुरडा पुण्याला पोचेपर्यंत गार होऊन चिवट होतो. ताटात ठेवूच नकोस. माणसांना रानात घेऊन ये.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, दुकान बंद ठेव आणि भागीदाराला घेऊन इकडे ये. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडू, पालेभाज्या-शेंगांची भज्जी असेल, आंबिलीचा मोघा, म्हणजे मडकं, भरलेला असेल. त्याला आधी जेवू दे, हिशेब नंतर. ज्वारी मी देणार नाही. बांधापलीकडच्या दोघांशी गाठ घालून देईन. भाव तू स्वतः बोल, माझं नाव सांगून कमी करून घेऊ नकोस.

तुझी,
काकू