कुत्र्याने रस्त्यावर राखण करायची का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच फिरूनफिरून एकाच गोष्टीवर येतात, म्हणून ती एकत्रच घेतोय. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी राग मानू नये, तुमची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : आमचा जर्मन शेफर्ड दोन वर्षांचा झाला. लहान असताना कुणाच्याही अंगावर उड्या मारून खेळायचा, पण हल्ली खाली फिरायला नेलं की अनोळखी माणूस दिसला रे दिसला की धावून जातो, पट्टा हातातून सुटतो की काय असं वाटतं. हेल्मेट घातलेले डिलिव्हरीवाले, छत्रीवाले, काठी घेऊन चालणारे आजोबा यांच्यावर विशेष राग. सासरे म्हणतात शेफर्डची जातच राखणीची, तो तुझं रक्षण करतोय, शिकवून शिकवून त्याला मेंगळट करून टाकाल. इकडे सोसायटीत तक्रारी सुरू झाल्यात. बाहेर अनोळखी माणसांवर असं धावून जाणं बरोबर का चूक?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, चूक. आणि हे राखणही नाहीये.

तुमच्या पत्रातली यादीच बघा ना. हेल्मेट, छत्री, काठी. खरी राखण करणारा कुत्रा समोरचा माणूस काय करतोय ते बघतो, म्हणजे कुणी हात उगारला, कुंपणावरून उडी मारली वगैरे. तुमचा कुत्रा माणूस दिसतो कसा ते बघून भडकतोय. डोकं नीट दिसत नाही, हातात काहीतरी लांब आहे, चाल वेगळी आहे, असल्या माणसाची त्याला भीती वाटतेय. आता तुम्ही म्हणाल एवढा मोठा, दात दाखवणारा कुत्रा घाबरलाय कसला? पण पुढच्या वेळी नीट बघा, धावून जाण्याच्या आधी तो काय करतो. ओठ चाटतो का, उगाच जांभई देतो का, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो का, तोंड एकदम मिटून अंग ताठ होतं का, आणि झेप घेतल्यावर परत मागे सरकून तुमच्या पायाशी येतो का. यातलं बरंचसं दिसलं तर विषय भीतीचा आहे.

हे दोन वर्षांचा झाल्यावरच का सुरू झालं, तर त्याचंही कारण आहे. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा खरा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, आणि नेमका तेव्हाच आपण लसी पूर्ण व्हायच्यात म्हणून त्याला घरात कोंडून ठेवतो. (कडेवर घेऊन रस्त्याकडेला उभं राहून जग दाखवता येतं, पण ते कुणी सांगत नाही.) पुढे वर्ष ते तीन वर्षं या वयात कुत्रा मनाने मोठा होतो, तेव्हा लहानपणी जे खेळात निघून जायचं ते आता खटकायला लागतं. त्यात एकदा भुंकून बघितलं, डिलिव्हरीवाला निघून गेला. तो जाणारच होता हो, त्याला पुढची ऑर्डर द्यायची होती, पण कुत्र्याचा हिशोब असा की मी भुंकलो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच, परत यश. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ त्याची प्रॅक्टिस चालू आहे आणि आपण म्हणतोय आपोआप सुधारेल.

आता सासऱ्यांसाठी, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. जर्मन शेफर्ड ही जात ज्यांनी घडवली त्या जर्मन लोकांचा क्लब 1899 सालचा, आणि तिथे या कुत्र्यांच्या रक्षणाच्या कामाची रीतसर परीक्षा असते, पूर्वी तिला शुट्झहुंड म्हणायचे, आता आयजीपी म्हणतात. पण त्या परीक्षेला बसण्याआधी कुत्र्याला बीएच नावाची एक परीक्षा पास व्हावी लागते, आणि त्यात काय बघतात तर रहदारीच्या रस्त्यावर, माणसांच्या घोळक्यातून, सायकलवाला आणि पळणारा माणूस जवळून गेला तरी कुत्रा शांत राहतो का. मालक त्याला बांधून नजरेआड होतो, तेवढ्यात दुसरा माणूस आपला कुत्रा घेऊन जवळून जातो, तरी यानं अंगावर जायचं नाही. जो जातो तो नापास, त्याला पुढचं रक्षणाचं शिकवणं लांबच राहिलं. आणि पुढे रक्षणाच्या परीक्षेतही समोरच्या माणसाच्या हातावरची जाड बाही तोंडात धरलेली असताना मालकाने सोड म्हटलं की ती त्याच क्षणी सोडावी लागते. म्हणजे राखणीची जात म्हणून ज्यांना अभिमान आहे तेसुद्धा रस्त्यावर पहिल्यांदा मागतात ती शांतता. शिकवून कुत्रा मेंगळट होत नाही, उलट न शिकवलेल्याला कधी काय करायचं ते कळत नाही एवढंच.

माझं म्हणणं इतकंच आहे की घराबाहेर कोण मित्र, कोण शत्रू हे ठरवायचं काम कुत्र्याचं नाही, पट्टा ज्याच्या हातात आहे त्याचं आहे. कारण कुत्र्याला ते ठरवताच येत नाही. कॉलेजची मैत्रीण दहा वर्षांनी भेटली आणि ओरडत गळ्यात पडली तर त्याने काय समजायचं? उद्या तुम्ही चक्कर येऊन रस्त्यात पडलात, लोक उचलायला आले आणि हा कुणालाच जवळ येऊ देत नाही, मग? अशा वेळी राखणदारच अडचण होतो.

अजून एक, थोडं कडू बोलतो. आपल्याकडे कुत्रा भंगारवाल्यावर, कचरा वेचणाऱ्या बाईवर भुंकला की माणसं कौतुकाने हसतात, "बघा कसं ओळखतो", आणि तोच कुत्रा सोसायटीच्या चेअरमनवर भुंकला की दुसऱ्या दिवशी ट्रेनर शोधतात. कुत्रा काही ओळखत नाही, तुमचा पट्टा कुणाला बघून आवळला जातो ते त्याला कळतं. आणि 'गार्ड ट्रेनिंग' म्हणून एखाद्याला गोणपाट गुंडाळून, काठी देऊन कुत्र्याला चिडवायला लावणारे लोक असतात, त्यांच्यापासून तर लांबच राहा.

आता करायचं काय. आधी डॉक्टरकडे नेऊन तपासून घ्या, शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास बऱ्याचदा असतो, कानही दुखत असतात, आणि दुखणारा कुत्रा चिडका होतो, मग शिकवणी लावून काय उपयोग. तिथे सगळं ठीक असेल तर अंतरापासून सुरुवात करा. माणूस किती लांब असताना हा त्याला बघतो पण भडकत नाही ते शोधा, चाळीस फूट असेल, रस्त्याच्या पलीकडचा फुटपाथ असेल, ज्याचं त्याचं वेगळं. तेवढ्या अंतरावर माणूस दिसला की लगेच तोंडात उकडलेलं चिकन नाहीतर पनीर. बिस्किट नको, त्याला रोज न मिळणारं काहीतरी पाहिजे. क्रम महत्त्वाचा, आधी माणूस दिसला पाहिजे मग खाऊ, उलटं केलंत तर पिशवीचा आवाज आला की माणूस येतो असं तो शिकेल. काही दिवसांनी माणूस दिसल्यावर तो स्वतःहून मान वळवून तुमच्याकडे बघायला लागेल, की आण माझं पनीर. तिथून पुढे अंतर हळूहळू कमी करा. महिन्यांचं काम आहे, आठवड्यांचं नाही. मध्येच कुणी अचानक समोर आलाच तर "चल" म्हणून सरळ वळून उलट्या दिशेला निघा, तिथे उभं राहून "नो नो नो" करत बसू नका.

तोवर पट्टा सहा फुटी साधा, छातीवर कडी असलेला हार्नेस, आणि लिफ्टमध्ये गर्दी असली तर "तुम्ही जा पुढे" म्हणायची सवय. मझल म्हणजे मुसकं लावायला लाजू नका, पण जाळीच्या टोपलीसारखं घ्या, त्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळून धरणारं कापडी मझल लावून आपल्या उन्हात फिरवलं तर कुत्रा मरूही शकतो. चोक चेन आणि शॉक कॉलर तर नकोच, म्हणजे माणूस दिसला की गळ्याला दुखतं असंच त्याच्या डोक्यात बसेल, आणि आधीच काय कमी भीती आहे. गुरगुरल्यावर मारू नका. गुरगुरणं म्हणजे तो बिचारा आधी सांगतोय की लांब राहा, ते मारून बंद केलंत तर सांगणं बंद होतं, चावणं नाही.

प्रश्न : मी एकटी राहते, रात्री उशिरा कुत्र्याला बाहेर न्यावं लागतं. लॅब्रेडॉर आहे, कुणीही आलं की शेपटी हलवतो. थोडा तरी आक्रमक करता येईल का? तुमच्यासारखे लोक नेहमी शांत कुत्रा, शांत कुत्रा म्हणतात, पण बाईमाणसाचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रश्न रास्त आहे ताई, टोमणासुद्धा रास्त आहे. पण आक्रमक करू नका. अंधारात येणाऱ्या माणसाला तुमचा लॅब प्रेमळ आहे हे कुठे माहितीये? त्याला तीस किलोचा कुत्रा दिसतो आणि वाकड्या हेतूचा माणूस बहुतेक वेळा तेवढ्यावर दुसरा रस्ता धरतो. त्याला एक गोष्ट नक्की शिकवता येते, सांगितल्यावर भुंकणं. घरी बेल वाजली की तो भुंकतोच ना, त्याच्या आधी एक शब्द किंवा हाताची खूण जोडायची, भुंकला की खाऊ, मग "बस" म्हटल्यावर गप्प बसला की परत खाऊ. "बस" पक्कं होईपर्यंत रस्त्यावर वापरायचं नाही. खूण अशी ठेवा की बघणाऱ्याला कळणार नाही, मी तर म्हणेन बोटाने मांडीवर दोनदा वाजवायचं. भुंकायचं केव्हा ते तुम्ही ठरवता, कुत्रा नाही, फरक एवढाच आणि तोच महत्त्वाचा. बाकी फोन चार्ज, उजेडाचा रस्ता, कानात हेडफोन नको, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : वय 68, रोज सकाळी टेकडीवर जातो. तिथे काही मंडळी मोठाले कुत्रे मोकळे सोडतात. धावत आले, भुंकले तरी मालक लांबून ओरडतो "काका घाबरू नका, काही करत नाही, तो फक्त मला प्रोटेक्ट करतो". आम्ही फिरायचं की नाही? कायदा काही आहे का?
– एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : काका, "काही करत नाही" हे वाक्य ऐकलं की माझंही डोकं फिरतं. काही करत नसेल तर पट्टा लावायला काय होतं? आणि ज्याला गुडघ्याचं दुखणं आहे त्याला कुत्रा चावायची गरजच नाही, नुसता अंगावर आला तरी माणूस पडतो आणि खुबा मोडतो.

कायदा आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिच्या कलम 291 मध्ये आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं सांगितलंय. जुन्या दंड संहितेत हेच कलम 289 होतं आणि दंड फक्त हजार रुपये होता. कुत्रा पाळायला पुण्यात महापालिकेचा परवानाही लागतो, तक्रार करताना तो आहे का हे विचारायला हरकत नाही. मात्र उलट बाजूही सांगून ठेवतो, नाहीतर हे वाचून कुणी सोसायटीत कुत्रेबंदीचा ठराव करेल. पाळीव कुत्रा ठेवायलाच बंदी घालणं सोसायटीला करता येत नाही, लिफ्टसुद्धा बंद करता येत नाही, तशा सूचना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच दिल्यात. कुत्रा ठेवायचा हक्क आहे, त्याला दुसऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायचा हक्क नाही.

टेकडीवर कुत्रा धावत आलाच तर पळू नका, काठी उगारू नका. जागीच थांबून अंग थोडं तिरकं करा, हात पोटाशी, त्याच्या डोळ्यात बघू नका, आणि मालकाला मोठ्याने, स्पष्ट सांगा की कुत्रा बोलवा. दात लागले, साधं खरचटलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग लगेच डॉक्टर, कुत्र्याला लस दिलीये असं मालक शपथेवर सांगत असला तरी. रेबीज झाल्यावर उपाय नाही, म्हणून इंजेक्शन मध्येच सोडायची नाहीत.

प्रश्न : आमची वस्ती शेतात आहे, कुत्रा राखणीलाच पाळलाय. वस्तीवर कोणी आलं की भुंकतो ते बरंच आहे, पण बांधावरून रस्ता जातो तिथे जाऊन मोटरसायकलींच्या मागे लागतो. सगळे म्हणतात राखणीचा कुत्रा असाच असतो. खरं का?
– एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : दादा, तुमच्या भागातून दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे उतरतात तेव्हा त्यांची कुत्री बघा. रात्री वाड्याच्या, म्हणजे मेंढरांच्या तळाच्या, जवळ लांडगाच काय, तुम्ही गेलात तरी पुढे पाऊल टाकू देणार नाहीत, आणि तीच कुत्री दिवसा डांबरी रस्त्यावर एसटी, ट्रक, माणसं सगळं शेजारून जात असताना मेंढरांच्या कडेने मुकाट चालत असतात. यापेक्षा राखणीचा कुत्रा कुठला आणायचा?

गाडीमागे पळणं ही राखण नाही, पळत्याचा पाठलाग आहे, आणि त्यातही गाडी दर वेळी निघूनच जाते म्हणून सवय घट्ट होते. एखाद दिवस गाडीवाला घाबरून पडला तर वर सांगितलेलं कलम तुम्हालाही लागू आहे. दूधवाले, शाळेची पोरं जायच्या वेळा तुम्हाला माहिती असतील, तेवढा वेळ बांधा, पण दिवसभर साखळीला ठेवू नका, साखळीवरचा कुत्रा अजून पिसाळल्यासारखा करतो. रस्त्याच्या बाजूला काटेरी झुडपांचं का होईना कुंपण करून घ्या. आणि वस्तीपासून बांधापर्यंत रोज त्याला लांब दोरीवर घेऊन चालत जा, हद्दीपाशी पोचलात की हाक मारून मागे वळवा, वळला की भाकरीचा तुकडा. नसबंदी केली नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, भटकणं त्याने कमी होतं, गाड्यांमागे लागणं मात्र त्याने थांबेल असं नाही, त्याला दोरी आणि भाकरीच लागेल.