जंगल कोणाचे, आणि कोणत्या मिनिटाला?

‘डोटा २’ या संगणकावरील खेळातील जंगलाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. काही पत्रे एकाच शंकेची असल्याने ती एकत्र केली आहेत. पहिले पत्र मात्र खेळाडूचे नाही, आणि तेच आधी घेणे सोयीचे आहे.

प्रश्न : माझा नातू अकरावीत शिकतो. रात्री जेवायला हाक मारली की ‘आजोबा, मी जंगलात आहे, दोन मिनिटं’ असे उत्तर येते. हे जंगल म्हणजे काय आणि तो तिथे नेमके काय करत असतो? (एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : या खेळात पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ असतात. प्रत्येक जण एक हिरो निवडतो आणि समोरच्या संघाच्या तळातील ‘एन्शंट’ ही मुख्य वास्तू पाडणारा संघ जिंकतो. दोन्ही तळांना जोडणारे तीन रस्ते असतात, त्यांना लेन म्हणतात. या रस्त्यांवरून दोन्ही बाजूंचे छोटे सैनिक, म्हणजे क्रीप, आपोआप चालत येतात आणि मोक्याच्या ठिकाणी टॉवर पहारा देत असतात. लेनच्या मधल्या झाडीत कोणत्याही संघाचे नसलेले प्राणी ठिकठिकाणी तळ ठोकून असतात. ही झाडी म्हणजे जंगल आणि ते तळ म्हणजे कॅम्प. तेथील प्राणी मारले की गोल्ड मिळते आणि अनुभवाचे गुणही, ज्यांना खेळाडू एक्सपी म्हणतात. जंगलात असणे म्हणजे बहुतेक वेळा लढाईपासून दूर राहून कमाई करणे. त्यामुळे नातवाचे उत्तर खोटे नाही. फक्त ती दोन मिनिटे दोनच असण्याची शक्यता कमी, कारण सामना अनेकदा ३५ ते ४५ मिनिटे चालतो आणि पाच मिनिटांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास सामना सोडून गेल्याची नोंद खेळाडूच्या नावावर होते. जेवणाची वेळ त्याला सामना सुरू होण्याआधी सांगावी, हाक मारून उपयोग व्हायचा नाही.

प्रश्न : मी लीजन कमांडर घेतो आणि सामना सुरू होताच थेट जंगलात शिरतो. यूट्यूबवरच्या व्हिडिओंत असेच शिकवले आहे. पण माझे साथीदार पहिल्या मिनिटापासून बोलायला लागतात. यात चूक काय? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आपण पाहिलेले व्हिडिओ कोणत्या साली चढवलेले आहेत, हे आधी तपासावे. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ७.०० आवृत्तीने जंगलाची मांडणी बदलली आणि एप्रिल २०२३ मधील ७.३३ आवृत्तीने नकाशाच सुमारे ४० टक्क्यांनी मोठा केला. त्याआधीच्या काळात शून्याव्या मिनिटापासून जंगलात राहणारा खेळाडू ही सर्वमान्य भूमिका होती. आज तसे करण्याचे समर्थन क्वचितच करता येते, आणि त्याचे कारण हिरोच्या ताकदीपेक्षा घड्याळात अधिक आहे.

लेनवरील क्रीपची पहिली लाट सामन्याच्या घड्याळात ०:०० ला निघते आणि त्यानंतर दर ३० सेकंदांनी पुढची, ट्रान्स-हार्बरच्या गाड्यांनी हेवा करावा इतक्या वक्तशीरपणे. जंगलातील प्राणी मात्र १:०० ला, म्हणजे एक मिनिट झाल्यावर, प्रथम प्रकट होतात. म्हणजे आपल्याला पहिला कॅम्प दिसतो तेव्हा लेनवर दोन लाटा येऊन गेलेल्या असतात आणि तिसरी निघालेली असते. त्या लाटांचे गोल्ड व एक्सपी आपण सोडून दिलेले असतात. शिवाय आपला साथीदार लेनवर एकटा आणि समोर दोघे उभे असतात. जंगलाची बाजू घेणारे म्हणतात की एकट्याला लेनचा पूर्ण एक्सपी मिळतो. हिशेब बरोबर आहे, पण तो मिळण्यासाठी साथीदाराला क्रीपच्या जवळ जिवंत उभे राहता आले पाहिजे, आणि दोघे समोर असताना नेमके तेच जमत नाही. साथीदारांची चिडचिड त्यातून येते. त्यांची भाषा कशी असते याची मला कल्पना आहे, तरी मुद्दा त्यांचा आहे.

लीजन कमांडरला जंगल वर्ज्य आहे, असा याचा अर्थ नाही. ‘मोमेंट ऑफ करेज’ या कौशल्यामुळे तिच्यावर हल्ला झाला की कधी कधी ती तत्काळ उलट वार करते आणि त्या वारातून तिची प्रकृतीही सुधारते. त्यामुळे कॅम्पमध्ये ती टिकते. सुरुवातीला ऑफलेनवर, म्हणजे आपल्या संघासाठी अवघड असलेल्या बाजूच्या लेनवर, साथीदारासोबत उभे राहावे. आपली लाट शत्रूच्या टॉवरखाली ढकलली गेली की पुढची लाट येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात जवळचा एक कॅम्प उरकावा आणि परत यावे. क्षणात थोडे अंतर उडी मारू देणारी ब्लिंक डॅगर ही वस्तू हाती आल्यानंतर जंगलाचा दुसरा उपयोग सुरू होतो. शत्रूच्या नजरेआड राहून चालत जाता येते आणि झाडीतून एकदम समोर येऊन ‘ड्युएल’, म्हणजे शत्रूशी सक्तीचे द्वंद्व, लावता येते. ड्युएल जिंकल्यावर वाढणारी मारकशक्ती कायमची असल्यामुळे तिच्या दृष्टीने एक यशस्वी झडप अनेक कॅम्पना भारी ठरते. सुरुवातीलाच लेन सोडण्याचा एकच प्रसंग मला योग्य वाटतो. लेन इतकी बिघडलेली असावी की तिथे थांबणे म्हणजे वारंवार मरून शत्रूला गोल्ड देणे.

प्रश्न : जंगलात कोणता हिरो कसा खेळावा याचा काही नियम आहे का? मी उर्सा, अ‍ॅक्स आणि नेचर्स प्रॉफेट असे तिघे खेळतो. तिघांनाही एकाच मार्गाने फिरवले तर एखादाच बरा चालतो. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आपण निवडलेले तिघे तीन वेगळ्या जातींचे आहेत, त्यामुळे त्यांना एकच मार्ग मानवणार नाही. कॅम्प निवडताना तो लहान आहे की मोठा, यापेक्षा त्यात किती प्राणी आहेत आणि ते कसे मारतात, हे पाहावे.

उर्साच्या ‘फ्युरी स्वाइप्स’मुळे एकाच लक्ष्यावर पडणारा त्याचा प्रत्येक पुढचा पंजा अधिक जोराचा होतो. म्हणून एकट्यादुकट्या धिप्पाड प्राण्यासमोर तो भयंकर आहे, पण पाच-सहा चिल्लर कोबोल्डांच्या कॅम्पमध्ये त्याचा वेळ वाया जातो, कारण प्रत्येक नव्या प्राण्यावर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. याच कारणाने रोशन, म्हणजे नकाशावरील सर्वांत बलाढ्य तटस्थ प्राणी, हे उर्साचे जुने आवडते सावज आहे. तिथे लक्ष्य एकच आणि पंजे संपत नाहीत. मात्र रोशनकडून मिळणारे, मेल्यावर पुन्हा जिवंत करणारे ‘एजिस’ पाच मिनिटांत मावळते. ते घेऊन पुन्हा जंगलात कॅम्प मारत बसणारा उर्सा मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि त्याच्या संघाची कीवही केली आहे. एजिस हातात आले की टॉवर गाठावा.

अ‍ॅक्स याच्या अगदी उलट. ‘काउंटर हेलिक्स’मुळे त्याच्यावर वार झाले की त्याची कुऱ्हाड गरगर फिरते आणि भोवतालच्या सर्वांना लागते. त्याला मारणारे जितके जास्त, तितकी कुऱ्हाड जास्त फिरणार. त्यामुळे त्याने गर्दीचे कॅम्प घ्यावेत आणि उभे राहण्याची जागा अशी निवडावी की सगळे प्राणी त्याला खेटून राहतील. लांबून मारणारे प्राणी दूर थांबतात, त्यांना कुऱ्हाड पोहोचत नाही. अशा वेळी चार पावले झाडाआड सरकले की तेही दृष्टीसाठी जवळ येतात. ही छोटी हालचाल शिकून घेतली तर अ‍ॅक्सच्या जंगलाचे निम्मे काम झाले.

नेचर्स प्रॉफेट स्वतः मार खाण्यासाठी जन्मलेला नाही. तो झाडांतून ट्रीअंट उभे करतो, मार त्यांनी खायचा आणि त्याने मागून मारा करायचा. इथे बहुतेक नवखे खेळाडू एक गोष्ट विसरतात. ‘टेलिपोर्टेशन’मुळे तो नकाशावर कुठेही पोहोचू शकतो, त्यामुळे इतरांप्रमाणे लेनजवळचा कॅम्प शोधण्याची त्याला गरज नाही. दूरच्या कोपऱ्यात कमाई करावी, दर काही सेकंदांनी नकाशावर नजर टाकावी आणि लढाई पेटली की तिथे उतरावे. नकाशाकडे न पाहणारा प्रॉफेट हा संघाला एक खेळाडू कमी असल्यासारखा आहे.

चेन आणि एन्चँट्रेस हे आपण विचारलेले नाहीत, पण जंगलाशी खरे नाते त्यांचे आहे. ते तिथल्याच प्राण्यांना आपल्या बाजूला वळवतात, म्हणून त्यांनी कॅम्पकडे कमाईपेक्षा भरतीच्या नजरेने पाहावे. सेंटॉर जमिनीवर पाय आपटून शत्रूला काही क्षण जागीच खिळवतो, डार्क ट्रोल जाळे टाकून अडकवतो, हेलबेअरच्या आघाताने शत्रू मंदावतो. असा एक प्राणी मिळाला की लगेच जवळच्या लेनवर जाऊन शिकार करावी. सुरुवातीच्या मिनिटांत या प्राण्यांची दहशत असते, पुढे शत्रूचे हिरो मोठे झाले की तेच प्राणी त्यांच्यासाठी आयते गोल्ड बनतात.

प्रश्न : आम्ही पाच मित्र एका गेमिंग कॅफेत एकत्र खेळतो. एकाला मेडुसा हवी असते आणि दुसऱ्याला अँटी-मेज. दोघेही जंगलावर हक्क सांगतात आणि सामना तिथेच हरतो. तोडगा सुचवा. (कॉलेजचे विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर : हे दोघेही उशिरा मोठे होणारे हिरो आहेत, त्यामुळे शक्य असेल तर दोघांपैकी एकच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या तिघांनी अर्धा तास किल्ला लढवावा ही अपेक्षा मित्रांकडूनही जरा जास्तच आहे. तरी हट्टच असेल, तर वाटणी चालीच्या वेगावरून करावी, आधी कोण बोलले यावरून नव्हे.

मेडुसाला चटकन निसटण्याचे साधन नाही, पण तिच्या ‘स्प्लिट शॉट’मुळे एका वेळी अनेक प्राण्यांना बाण लागतात. तिला तळाजवळचा, कॅम्प एकमेकांना लागून असलेला सुरक्षित भाग द्यावा आणि सपोर्टने, म्हणजे इतरांना मदत करणाऱ्या खेळाडूने, तिच्यासाठी कॅम्प साठवून ठेवावेत. साठवलेला कॅम्प म्हणजे एकाच जागी दोन-तीन कॅम्पांचे प्राणी, आणि त्यांचा फडशा पाडायला तिच्यासारखा हिरो नाही. ल्युनाचे उसळत जाणारे ग्लेव्ह, स्वेनचा मागच्यांनाही कापणारा वार आणि टेम्पलर असॅसिनच्या पलीकडे भेदून जाणाऱ्या साय ब्लेड्स याच कामाच्या आहेत.

अँटी-मेज ‘ब्लिंक’ने उडी मारून निसटतो, म्हणून त्याने दूरच्या लेन आणि शत्रूच्या बाजूचे धोक्याचे कॅम्प घ्यावेत. एका वारात आजूबाजूच्यांनाही कापणारी ‘बॅटल फ्युरी’ ही वस्तू येईपर्यंत तो लेनवरच बरा. ती आली की त्याचा ताल ठरतो. लेनवरची लाट कापायची, शेजारचे एक-दोन कॅम्प उरकायचे आणि पुढची लाट पोहोचायच्या आत लेनवर परत यायचे. लाट ३० सेकंदांनी येते आणि कॅम्प दर मिनिटाला भरतो. या दोन वेळा हातात बसल्या की फक्त जंगलात किंवा फक्त लेनवर राहणाऱ्यापेक्षा तो कितीतरी पुढे जातो. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झालेल्या ‘ईएसएल वन मुंबई’चे सामने इंटरनेटवर पाहता येतात. ते पाहताना एकदा लढायांकडे दुर्लक्ष करून दोन लढायांच्या मधल्या वेळात कॅरी, म्हणजे उशिरा मोठा होऊन सामना जिंकून देणारा खेळाडू, कुठे चालतो, एवढेच पाहावे.

प्रश्न : मी सपोर्ट खेळते. कॅम्प स्टॅक करायला, म्हणजे साठवायला, जाते, पण तीनपैकी दोन वेळा तो होतच नाही. ५३व्या सेकंदाला मारा असे सगळे सांगतात आणि मी तसेच करते. (एक वाचिका, नेरुळ)

उत्तर : ५३ हा आकडा सरासरीचा आहे आणि तो सगळ्या कॅम्पना लागू नाही. वार करून प्राण्यांना आपल्या मागे कॅम्पबाहेर ओढायचे असते, कारण मिनिट पूर्ण होताना कॅम्पच्या ठरलेल्या चौकटीत कोणीही नसेल तरच तिथे नवे प्राणी येतात. एकही प्राणी मागे राहिला तर सगळी मेहनत फुकट जाते. ऑल्ट हे बटण दाबून धरले की ही चौकट नकाशावर दिसते. ती आधी नीट पाहून घ्यावी, अनेकांना वाटते त्यापेक्षा ती वेगळ्या आकाराची निघते.

आता प्राण्यांकडे पाहावे. जवळून मारणारे प्राणी सरळ आपल्या मागे धावत येतात, त्यांच्यासाठी ५४-५५वे सेकंदही चालते. लांबून मारणारे प्राणी मात्र बाण किंवा मंत्र टाकण्यासाठी मध्येच थांबतात आणि बहुधा चौकटीच्या आतच थांबतात. असे प्राणी असतील तर दोन-एक सेकंद आधी वार करावा आणि लगेच त्यांच्या नजरेआड व्हावे. पळताना झाडांना वळसा घालणारी वाट घेतली तर प्राण्यांची रांग लांबते आणि शेवटचा आत अडकतो. म्हणून मोकळी, सरळ वाट निवडावी. स्वतःची खासगी लॉबी उघडून एकाच कॅम्पवर सराव करावा आणि तो बसल्यावर दुसरा घ्यावा. आपण साठवलेला कॅम्प साथीदाराने मारला की त्या गोल्डचा काही वाटा आपल्यालाही मिळतो, हे आपल्या कॅरीच्या लक्षात नसेल, पण आपल्या लक्षात असावे.

प्रश्न : आमच्या बाजूचा कॅम्प कधी कधी सामनाभर रिकामाच राहतो. हा बिघाड आहे का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : बिघाड नाही. बहुधा शत्रू त्या चौकटीत पुन्हा पुन्हा वॉर्ड, म्हणजे जमिनीत रोवायचा पहारेकरी, लावत असतो. वॉर्ड अदृश्य असला तरी चौकट रिकामी धरली जात नाही. कॅम्पच्या काठावर अदृश्य गोष्टी दाखवणारा सेंट्री वॉर्ड लावावा, समोर दिसणारा वॉर्ड फोडावा आणि आपला सेंट्री चौकटीच्या बाहेरच आहे, याची खात्री करून घ्यावी. तो आत पडला तर तोच कॅम्प आपण स्वतःच बंद कराल.